आपटा, बन्नी आणि चार भिंतींबाहेरचा वर्ग

दसऱ्याच्या दिवशी बेळगाव परिसरातल्या मराठी घरांतून सोने म्हणून आपट्याची पाने दिली जातात, तर शेजारच्या कन्नड घरांतून ‘बन्नी’ हातावर ठेवली जाते. दोन्ही पाने एकाच दिवशी, एकाच भावनेने आणि बहुधा एकाच गल्लीत फिरत असल्यामुळे ही एकाच झाडाची दोन भाषांतली नावे आहेत, असे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठ्यांनाही, वाटत असते. बन्नी म्हणजे शमी, आणि शमी व आपटा ही वेगळी झाडे आहेत, हे फळ्यावर लिहिले तर ते एका वाक्यात संपते आणि चाचणीनंतर विसरलेही जाते. त्याऐवजी दोन्हींची एकेक डहाळी मुलांच्या हातात दिली आणि ‘यांत सारखे काय आणि वेगळे काय, ते शोधा’ एवढेच सांगितले, तर आपट्याचे पान टोकाकडून दुभंगलेले, शेळीच्या खुरासारखे आहे, शमीचे पान बारीक बारीक पर्णिकांचे बनलेले आहे आणि शमीच्या फांदीला काटे आहेत, हे दहा मिनिटांत मुलेच सांगतात. पुढे उन्हाळ्यात त्याच दोन झाडांखाली त्यांना पुन्हा नेले, तर दोन्हींवर शेंगा दिसतात. आणि पाने इतकी वेगळी असूनही वनस्पतिशास्त्र या दोघांना एकाच कुळात का घालते, या प्रश्नाची वाट तिथून सुरू होते.

निसर्गशिक्षणाची क्षेत्रभेट म्हणजे काय, हे सांगायला मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही. ज्या गोष्टीबद्दल शिकायचे ती जिथे आहे तिथे जाणे, तिला हात लावणे, मोजणे, तिचे चित्र काढणे, पुन्हा काही दिवसांनी तिच्याकडे जाणे, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक ठरावीक प्रश्न असणे, एवढी तिची व्याख्या पुरे आहे. यातला प्रश्न वगळला की उरते ती सहल. सहलीला माझा विरोध नाही, कारण मुलांनी वर्षातून एकदा बसमध्ये गाणी म्हणत कुठेतरी जावे हे योग्यच आहे. परंतु ती क्षेत्रभेट आहे असे मानून वार्षिक अहवालात ‘परिसर अभ्यास झाला’ असे लिहिणे बरोबर नाही. मी स्वतः एकदा ऐंशीहून अधिक मुलांना घेऊन पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहायला गेलो होतो. ५२ मीटर उंचीवरून कोसळणारी घटप्रभा पाहून मुले हरखली, फोटो निघाले, डबे खाल्ले गेले, आणि दुसऱ्या दिवशी ‘हा धबधबा इथेच का आहे’ असे विचारले तेव्हा एकालाही उत्तर देता आले नाही. चूक मुलांची नव्हती. निघण्यापूर्वी तो प्रश्न मी त्यांना दिलाच नव्हता, आणि कड्यावरच्या कठीण वालुकाश्माचा एखादा सुटा तुकडा भिंगाखाली धरून त्यातले वाळूचे कण दाखवण्याचे मला सुचलेही नव्हते.

हाताने केलेले शिकणे डोक्यात अधिक का टिकते, याचे उत्तर ‘मुलांना मजा येते’ एवढेच नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचे चार टप्पे मांडले: अनुभव घेणे, त्यावर विचार करणे, त्यातून काही नियम बांधणे आणि तो नियम नव्या ठिकाणी तपासून पाहणे. हे शाळेच्या मैदानावर कसे दिसते ते पाहू. पाऊस थांबल्यावर मुलांना दिसते की फाटकापासून वर्गापर्यंतच्या पायवाटेवर डबके साचले आहे, पण कडेच्या आंब्याखाली पाणी नाही; हा अनुभव झाला. असे का, यावर ती तर्क करतात. कोणी म्हणते झाड पाणी पिते, कोणी म्हणते तिथे उतार आहे, कोणी म्हणते वाटेवरची माती दाबली गेली आहे. यातला तिसरा तर्क धरून ‘तुडवलेल्या मातीत पाणी हळू मुरते’ असा नियम बांधता येतो. आता दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पत्र्याचा डबा वाटेवर दोन बोटे खोल दाबून बसवायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचे, आणि नंतर हेच आंब्याखाली करायचे. मृदाशास्त्रज्ञ मातीची पाणी मुरवण्याची क्षमता मोजतात तेव्हा त्यांचे उपकरण अधिक नेटके असते, पण तत्त्व हेच असते.

या चार टप्प्यांपैकी आपल्या शाळांतून पहिला आणि तिसरा कसाबसा होतो, दुसरा आणि चौथा मात्र जवळजवळ नेहमीच गळतो. शिक्षक मुलांना बाहेर नेतात आणि लगेच नियम सांगून टाकतात, त्यामुळे मुलाचा स्वतःचा चुकीचा तर्क तोंडातून बाहेर पडण्याआधीच गिळला जातो. तो चुकीचा तर्क बाहेर येणे आवश्यक असते, कारण मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. झाडे काय खातात, पाऊस कुठून येतो, साप दूध पितो की नाही, याबद्दल त्याच्या मनात आधीच एक जुळणी झालेली असते, आणि ती जुळणी मोडल्याशिवाय नवी बसत नाही. यासाठी एक अगदी साधी युक्ती आहे. ओळखीच्या झाडाचे पान, समजा फणसाचे, मुलांना आधी आठवणीतून काढायला सांगावे आणि मग तेच पान समोर ठेवून दुसरे चित्र काढायला सांगावे. दोन चित्रांमध्ये जे अंतर दिसते, त्याला निरीक्षण म्हणतात, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

हा विचार आपल्याकडे परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे काम करताना, गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. पुढे सरकारी पातळीवरही बऱ्याच गोष्टी झाल्या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांमध्ये अनिवार्य करण्याचे निर्देश दिले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना शिक्षण असावे असे म्हटले आहे, आणि कर्नाटकच्या वनखात्याचा ‘चिण्णर वन दर्शन’ हा मुलांना जंगल दाखवण्याचा उपक्रम आहे. या सर्वांचा उपयोग करून घ्यावा. मात्र त्यांची वाट पाहत बसू नये, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना सुतळी, वही आणि चहाची गाळणी यांपलीकडे काही लागत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या शिक्षकाचे एक भाग्य असे की भूगोलाचा सर्वांत अवघड धडा त्याच्या जिल्ह्यातच घडतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगाव, जांबोटी या भागात पाऊस अक्षरशः कोसळतो, तर पूर्वेला अथणीकडे जाता जाता तो इतका कमी होतो की तिथला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही म्हणून तिचे पाणी होऊन पडते, आणि घाट ओलांडून खाली उतरणाऱ्या हवेजवळ द्यायला फारसे काही उरत नाही. हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा खानापूर तालुक्यातल्या एका शाळेने आणि अथणी तालुक्यातल्या एका शाळेने जुलै महिनाभर पाऊस मोजावा आणि शनिवारी फोनवरून आकडे एकमेकांना सांगावेत. पर्जन्यमापक बाटलीचाही होतो: प्लास्टिकच्या सरळ कडांच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवायचा, तळाच्या खळग्यांत खडे भरून त्यावर पाणी घालून सपाट पातळी आणायची आणि तिथे शून्याची रेघ मारून बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. भारतीय हवामान खाते पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला घेते, म्हणून मुलांनीही तीच वेळ धरावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी, हे एकदा समजले की २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी वाहून गेले, हा हिशेब सहावीतले मूलही करते, आणि मग पाण्याच्या टंचाईवरचा निबंध त्याला वेगळ्या तऱ्हेने लिहावासा वाटतो.

खानापूर तालुक्यातच पाणलोटाचा, म्हणजे कुठले पाणी कुठल्या नदीकडे वाहते याचा, धडाही आहे. कणकुंबीच्या माउली मंदिराजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे निघते, सौंदत्तीच्या धरणातून पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिच्यापासून फार दूर नसलेल्या भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते, ती गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे या डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब भारताच्या दोन किनाऱ्यांना जाऊ शकतात. या दोन नद्यांवरून वर्तमानपत्रांत येणाऱ्या पाणीवाटपाच्या बातम्या मुले घरी ऐकत असतात, पण पाणलोट हा शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे उभा नसतो. त्यासाठी दर वेळी कणकुंबीला जावे लागत नाही. एक मोठा कागद चुरगळून पुन्हा अर्धवट उलगडायचा, त्याच्या उंच घड्यांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनने रेघा ओढायच्या आणि वरून हाताने पाणी शिंपडायचे. शाई कोणत्या घडीतून कुठे उतरते ते पाहिले की उंच घडी हीच दोन खोऱ्यांमधली सीमा आहे, हे लक्षात येते. मग मुलांना शाळेच्या छपरावर, गावच्या रस्त्यावर आणि शिवाराच्या बांधावर तशाच सीमा शोधायला पाठवावे.

सुतळीच्या चौकोनाचा प्रयोग मात्र सावकाश करावा, कारण त्यात निसर्गाबरोबर संख्याशास्त्रही शिकवले जाते. चार काठ्या आणि सुतळी घेऊन माळावर १ मीटर बाजूचा चौकोन आखायचा आणि त्यात किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजायचे. नावे माहीत असण्याची गरज नाही. प्रत्येक वेगळ्या प्रकाराला अ, आ, इ अशी अक्षरे द्यावीत आणि चित्र काढून ठेवावे. पहिला चौकोन झाल्यावर मुलांना वाटते की माळ समजला. इथे आपली जुनी म्हण उपयोगी पडते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माळ तसा नसतो. एका कडेला गुरे चरतात, एका कोपऱ्यात पाणी साचते, मध्येच उघडा खडक असतो. म्हणून पाच गटांनी पाच ठिकाणी चौकोन घ्यायचे आणि ते आवडीच्या जागी न घेता डोळे मिटून फेकलेला खडा जिथे पडेल तिथे घ्यायचे, नाहीतर प्रत्येक गट फुले असलेलीच जागा पकडतो आणि माळ आहे त्याहून समृद्ध दिसू लागतो. जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, पावसाळ्याच्या अखेरीस हा प्रयोग केला तर सीतेची आसवे, गेंद, कवला, तेरडा यांतले काही ना काही चौकोनात सापडतेच. आणि सीतेची आसवे ही नाजूक निळी-जांभळी फुले धरणारी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, हे कळल्यावर जो गलका होतो तो वर्गात कधी ऐकू येत नाही. कारण विचारलेच, तर जांभ्यावरची माती इतकी पातळ आणि निकस असते की नत्र मिळवण्याचा हा तिचा मार्ग आहे. सड्यावर तीसच्या वर मुले एका वेळी नेऊ नयेत, आणि नेलेल्यांनीही उघड्या खडकावरूनच चालावे.

ओढ्याचे पाणी स्वच्छ आहे की नाही, हे प्रयोगशाळेशिवायही बऱ्यापैकी ओळखता येते, आणि त्यासाठी ओढ्यातल्या किड्यांना विचारावे लागते. पावसाचा जोर ओसरल्यावर, घोट्याइतक्या पाण्यातले दगड हळूच उचलून त्यांची खालची बाजू पाहावी आणि चहाच्या गाळणीने निघालेले जीव पांढऱ्या ताटलीत, थोड्या पाण्यात ठेवावेत. पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिल्ले, किंवा वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडे बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या भरपूर दिसल्या, तर त्या पाण्यात प्राणवायू चांगला आहे असे समजावे. उलट जिथे सांडपाणी येते तिथे घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, कल्ल्यांवर जगणारे हे जीव नाहीसे होतात आणि लाल रंगाच्या, वळवळणाऱ्या अळ्या उरतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्ताप्रमाणेच हिमोग्लोबिनचा असतो आणि कमी प्राणवायूतही तग धरायला तो त्यांना मदत करतो. जांबोटीकडच्या एखाद्या ओढ्याची आणि शहराच्या कडेने शिवारात शिरणाऱ्या बळ्ळारी नाल्याची तुलना इथे आपोआप होते. फक्त नाल्यात मुलांना उतरवू नये, तो नमुना शिक्षकांनी हातमोजे घालून आणावा. पाहून झालेले सर्व जीव ज्या दगडाखालून काढले त्याच दगडाखाली परत सोडावेत.

नावांचा प्रश्न सीमाभागात वेगळ्या रीतीने सुटतो. ऐनाला कन्नडमध्ये मत्ती, पळसाला मुत्तुग, जांभळाला नेरळे म्हणतात, आणि आमच्याकडच्या अनेक मुलांना दोन्ही नावे ठाऊक असतात, पण ती एकाच झाडाची आहेत हे ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे वहीत मराठी, कन्नड आणि शास्त्रीय अशी तीन नावांची जागा ठेवावी आणि पहिली दोन घरच्या मोठ्या माणसांना विचारून भरावीत. आजीने सांगितलेल्या नावाबरोबर झाडाचा उपयोगही येतो, आणि क्वचित दोन आज्या एकाच झाडाची वेगवेगळी नावे सांगतात. तेव्हा शिक्षकाने निवाडा करण्याची घाई करू नये. साल, पान आणि फळ पाहून मुलांनाच वाद मिटवू द्यावा. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल एकदा तळहाताने चाचपली की ती कुठल्याही भाषेत विसरत नाही.

तयारीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, शिक्षकाने ती जागा आदल्या आठवड्यात त्याच वेळी स्वतः पाहून यावे, दहा ते बारा मुलांमागे एक मोठा माणूस असावा आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी हे सगळ्यांना माहीत असते. आग्या मोहोळाखाली थांबू नये, अत्तर लावून येऊ नये, खाजकुयलीच्या शेंगांना आणि बिब्ब्याच्या चिकाला हात लावू नये, वर डोंगरात पाऊस दिसत असेल तर ओढ्यातून ताबडतोब बाहेर यावे, हे मात्र दर वेळी सांगावे लागते. डिसेंबर ते मे या काळात जंगलात जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात माकडतापाची चौकशी करावी. हा आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, तो गोचिडींमार्फत पसरतो आणि शेजारच्या सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळलेले आहेत. परिसरात माकडे मरून पडल्याची बातमी असेल तर भेट रद्द करावी.

भीमगड हे २०११ साली घोषित झालेले अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि तसे ते योग्यच आहे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राहणारे रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट हे वटवाघूळ दीर्घकाळ जगात फक्त याच गुहांतून ज्ञात होते, पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. हे ऐकल्यावर मुलांना त्या गुहा पाहाव्याशा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु गुहेत विजेऱ्या घेऊन शिरलेला घोळका वटवाघळांची वस्ती उठवू शकतो. त्याऐवजी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बसून, सूर्यास्तानंतर पहिले वटवाघूळ किती मिनिटांनी दिसले आणि दहा मिनिटांत किती दिसली, हे महिन्यातून एकदा मोजावे. दुर्मीळ प्राणी दूरच राहतो; मोजण्याची सवय मात्र हाती लागते.

मुले काय शिकली, हे तपासायला लेखी परीक्षा फारशी कामाची नाही. त्यासाठी नोंदवहीच वाचावी. तारीख, वेळ, आभाळाची स्थिती, काय पाहिले, त्याचे चित्र आणि शेवटी ‘मला न कळलेली गोष्ट’ अशी एक ओळ, एवढे प्रत्येक पानावर असावे. त्या शेवटच्या ओळीला मी सर्वांत जास्त गुण देतो. जूनमध्ये तिथे बहुतेकांनी ‘काही नाही’ असे लिहिलेले असते. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका पानावर एका मुलीने लिहिले होते की वाटेवरच्या मातीत पाणी मुरायला अकरा मिनिटे लागली आणि आंब्याखाली दोन, पण आंब्याखालीच गांडुळांची माती दिसली, तर पाणी मुळांमुळे मुरते की गांडुळांमुळे? पुढच्या शनिवारी आम्ही तोच डबा घेऊन, गांडुळांची माती असलेली पण झाड नसलेली जागा शोधायला निघालो.